इंडोनेशियात मैत्रिणीच्या घरी उतरावं की हॉटेलात?

रेवती_ठाणे | ३ जुलै
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं इंडोनेशियाला निघालोय. मी ५४, नवरा ५८, आणि तो कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बालीचं सगळं ठरलंय. अडलंय ते जोग्जापाशी, म्हणजे जावा बेटावरचं योग्यकर्ता. तिथे चार रात्री आहोत. मी सिंगापूरला नोकरीत असताना शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण आता तिथे आईवडिलांजवळ राहते. अकरा वर्षांत भेट नाही. येतोय असं सहज कळवलं, तर तासाभरात उत्तर: हॉटेल कशाला, घरीच या, आईने खोली आवरायला घेतलीसुद्धा.

आता हे आपल्याकडच्या 'या की एकदा निवांत' या प्रकारातलं आहे की खरंखुरं, ते मला उमगेना. घर लहान, माणसं चार, न्हाणीघर एक. नवरा म्हणतो हॉटेलात उतरू आणि एक संध्याकाळ भेटून येऊ. मला वाटतं ती दुखावेल. कुणी तिथे ओळखीच्यांकडे राहिलंय का? न्यायचं काय, जेवणाचं काय, सगळंच सांगा.

पुणेरी_पाटी | ३ जुलै
बोलावलंय ना? मग जा. आमच्याकडे बोलवत नाहीत, तेव्हा प्रश्नच येत नाही.

चकली | ३ जुलै
वाचतेय. आम्ही बालीला सात दिवस जाऊन एकाही स्थानिक माणसाच्या घरात पाऊल न टाकता परत आलो. फोटो मात्र आठशे.

जकार्ताकर | ३ जुलै
रेवतीताई, मी नऊ वर्षं तिथे काढली. आधी पुर्वकर्ताच्या सूतगिरणीत, मग जकार्तात. त्या भागात गिरण्यांमुळे भारतीय बरेच आहेत, पण मी शेजाऱ्यांमध्ये जास्त रमलो.

तुमची शंका रास्त आहे, कारण जावात पोकळ आमंत्रण ही रोजची गोष्ट आहे. शब्द आहे 'माम्पिर', म्हणजे जाता जाता डोकावणं. पहिल्या महिन्यात संध्याकाळी फिरायला निघालो, तर अंगण झाडणारे एक शेजारी म्हणाले, 'माम्पिर, पाक!' (पाक म्हणजे काका, साहेब.) मी खूश. चपला काढल्या, आत जाऊन बसलो. त्या माणसाचा चेहरा असा झाला की काय सांगू. बायको ओल्या केसांनी आतल्या आत पळाली, पोरगा मागच्या दाराने कुठेतरी धावला आणि दहा मिनिटांनी बिस्किटांचा पुडा घेऊन परत आला. मी पाऊण तास बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या ड्रायव्हरने समजावलं की त्यावर हसून 'तेरिमा कासिह, लाइन काली' म्हणायचं आणि चालत राहायचं. म्हणजे आभारी आहे, पुन्हा कधीतरी. 'माम्पिर' म्हणजे आपलं 'काय, कसं काय?' इतकंच.

पण तुमच्या मैत्रिणीच्या आईने खोली आवरायला घेतली आहे. माझा ठोकताळा असा: नुसतं 'या' म्हटलं तर नमस्कार समजायचा. तारीख विचारली, कुठल्या गाडीने येताय विचारलं, काय खात नाही ते विचारलं, की ते खरं.

रेवती_ठाणे | ३ जुलै
अय्या, तिने हे तिन्ही विचारलंय!

जकार्ताकर | ३ जुलै
मग बॅग भरा.

तिखटमीठ | ४ जुलै
थोडं उलटं बोलते. बोलावणं खरं असलं तरी चार रात्री फार झाल्या. एक न्हाणीघर, सहा माणसं. ती लोकं दिवसातून दोनदा आंघोळ करतात, चुकवत नाहीत. पाहुण्याला कुणी घाई करणार नाही, मग घरचे सगळे पहाटे चारला उठून आटपून घेतील आणि तुम्हाला कळणारही नाही. माझ्या भावाच्या मित्राकडे बांडुंगला आम्ही तीन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी समजलं की त्याचे आईवडील बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपत होते, आम्हाला त्यांची खोली दिली होती. इतकी लाज वाटली.

निवांत | ४ जुलै
तिखटमीठ +१. आंघोळीवरून आठवलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मित्राची आई मला रोज विचारायची, 'सुदाह मांदी?' म्हणजे आंघोळ झाली का. दोन दिवस मी स्वतःचे शर्ट हुंगत होतो. तिसऱ्या दिवशी बघितलं तर ती शेजारणीलाही तेच विचारत होती. आपल्याकडे 'चहा झाला का?' तसं आहे ते.

बोरघाट | ४ जुलै
न्हाणीघराची आपल्याला तरी भीती नसावी. कोपऱ्यात टाइल लावलेला हौद आणि दांड्याचं प्लॅस्टिकचं भांडं, त्याला गायुंग म्हणतात. युरोपातले लोक हौदातच उतरून बसतात आणि सगळ्या घराचं पाणी खराब करतात असं ऐकलंय. आम्ही ज्या घरी होतो तिथे हौदात एक बोटभर मासा सोडला होता, डासांच्या अळ्या खायला. पहिल्या दिवशी मी त्याला गायुंगात उचलला होता.

सांगलीचा_बाप्पू | ४ जुलै
डोक्यावर ओतला का नाही? :)

बोरघाट | ४ जुलै
नशीब चष्मा घातला होता.

सान्वी_ब | ५ जुलै
जेवणाबद्दल. काकांना जपा. 'दागिंग नको' असं सांगितलं तर कोंबडी समोर येईल, कारण दागिंग म्हटलं की तिकडे मुख्यतः बीफच डोळ्यांसमोर येतं. कोंबडी म्हणजे आयाम, मासा म्हणजे इकान, अंडं म्हणजे तेलुर. एकेक नाव घेऊन नको म्हणायचं. आणि खरा छुपा रुस्तम म्हणजे तरासी, सुकवलेल्या कोळंबीचा गोळा. सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत असतो, गादो-गादो नावाच्या भाज्यांवरच्या शेंगदाण्याच्या रश्शातही असू शकतो. जोग्जाचं प्रसिद्ध गुदॅग हे कच्च्या फणसाचं, नारळाच्या दुधात गूळ घालून तासन् तास शिजवलेलं, ऐकायला अगदी कोकणातलं. पण त्याच पातेल्यात अंडी नि कोंबडी पडलेली असते. घरी आधी सांगितलं तर वेगळं काढतील.

निर्धास्त खावं ते तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू आणि कापलेली फळं. शिवाय बुबुर काचांग हिजाउ, म्हणजे मुगाची खीर: नारळाचं दूध, गूळ, वर आल्याचा वास. आणि क्लेपोन खाच. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत गूळ, बाहेर ओलं खोबरं. उकडीचा मोदक उलटा केला की क्लेपोन. एका घासात तोंडात टाका, अर्धा तोडलात तर गूळ साडीवर.

आजोबा_७२ | ५ जुलै
त्या देशाच्या नोटेवर गणपतीचे चित्र आहे, हे सर्वांनी लक्षात घ्यावे. जगातील सर्वात मोठा मुस्लिम देश असून.

जकार्ताकर | ५ जुलै
आजोबा, होतं. १९९८ सालच्या २०,००० रुपियाच्या नोटेवर. ती नोट २००८ च्या अखेरीस चलनातून गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अजून चालते.

आजोबा_७२ | ५ जुलै
बरे झाले सांगितलेत. नातवाला मी काल तेच सांगितले.

सांगलीचा_बाप्पू | ६ जुलै
भाषेचं कुणीच बोललं नाही. मित्राने घरच्यांची ओळख करून दिली: ही माझी इस्त्री, हा माझा पुत्रा, आणि ही सगळी कलुआर्गा, म्हणजे कुटुंब. हा शब्द कुल आणि वर्ग मिळून झालाय म्हणे. नवऱ्याला सुआमी, म्हणजे स्वामी. नाव म्हणजे नामा, भाषा म्हणजे बाहासा. मला वाटलं सगळं येतंय. मग त्याने बायकोकडे बघून सांगितलं, आमचं चिंता आहे. मी गंभीर चेहरा करून विचारलं, काय झालं? चिंता म्हणजे प्रेम.

चकली | ६ जुलै
चूक काय त्यात.

सांगलीचा_बाप्पू | ६ जुलै
थांब, पुढचं ऐक. आपला संस्कृत संसार तिकडे गेला आणि 'संगसारा' झाला. अर्थ: हालअपेष्टा.

पुणेरी_पाटी | ६ जुलै
धागा इथेच बंद केला तरी चालेल.

मेदानमधून | ६ जुलै
माफ करा, पण तुम्ही सगळे इंडोनेशिया म्हणून फक्त जावा सांगताय. आम्ही चार वर्षं मेदानला आहोत, उत्तर सुमात्रा. इथले बाताक लोक 'होरास!' म्हणून खणखणीत हाक मारतात आणि तोंडावर बोलतात. माझ्या शेजारणीने पहिल्याच भेटीत सांगितलं, 'पडदे वाईट आहेत, बदल.' ती ये म्हणाली की ये, आणि जा म्हणाली की जा. जावाच्या लोकांचं 'हो' म्हणजे हो की नाही, हे इथल्यांनाही कळत नाही असं तीच सांगते. माम्पिरचं कोडं तिकडचं. इकडे ठोकताळे लागत नाहीत.

जकार्ताकर | ७ जुलै
मान्य. पण ताई जोग्जालाच निघाल्यात, म्हणून तिथलं लिहिलं.

एक राहिलं. गल्लीच्या तोंडाशी पाटी दिसेल: 'तामु वाजिब लापोर १ x २४ जाम'. तामु म्हणजे पाहुणा. पाहुणा २४ तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर वस्तीच्या प्रमुखाला, म्हणजे एर-तेला कळवणं भाग. वाजिब हा आपल्या वाजवीचाच भाऊ. माझा मामेभाऊ आला तेव्हा त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन आम्ही एर-तेच्या घरी गेलो. वाटलं, पोलीस चौकीसारखं असेल. ते गृहस्थ लुंगीवर पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणे घालत होते. झेरॉक्स फ्रिजवर ठेवली. चहा आला, मोगऱ्याच्या वासाचा, पाकासारखा गोड. तो समोर ठेवून ते नमाजाला आत गेले, आणि आम्ही दोघं वीस मिनिटं कपाकडे बघत बसलो, कारण यजमान 'सिलाकान', म्हणजे 'घ्या', म्हणेपर्यंत कपाला हात लावायचा नाही हे मी भावाला नुकतंच शिकवलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी कप बघितले, कपाळाला हात लावला आणि बायकोला दुसरा चहा करायला सांगितला.

सीमोल्लंघन | ८ जुलै
माझा अनुभव बालीचा, पण घरी राहण्याचाच. २०२३ ला डायव्हिंगच्या ओळखीतल्या मित्राकडे उबुडजवळ होतो. २२ मार्चला त्यांचा न्यपी, म्हणजे मौन पाळून साजरं होणारं नववर्ष, आणि तोच आपला गुढीपाडवा. दोन्हीकडे शके १९४५ लागलं, तेही मला तिथेच कळलं. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे पुतळे, ओगोह-ओगोह, ढोलताशांसकट नाचवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास सगळं बेट गप्प. विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, दिवा नाही, चूल नाही, मोबाइलचं इंटरनेटही बंद. जेवण आदल्या दिवशी करून ठेवलेलं.

मी मित्राला विचारलं, आमच्याकडे आज काठीला साडी बांधून बाहेर उभी करतात, चालेल का? तो खूप विचार करून म्हणाला, बाहेर नको, पेचालांग बघतील (म्हणजे गावचे राखणदार), अंगणात आतल्या बाजूला कर. त्याने एक बांबू दिला, वहिनीने पिवळं सारोंग दिलं, वर स्टीलचा पेला. त्याची आजी अंधारात दाराशी बसून दिवसभर त्या गुढीकडे बघत होती. त्यांच्याकडे गालुंगान सणाला दारोदार वाकलेले बांबू उभे करतात, पेंजोर. आजीचं मत पडलं की माझा पेंजोर सरळ आहे, म्हणजे चुकलाय.

दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. मीही तिची मागितली.

चकली | ८ जुलै
हे सुंदर आहे. वेगळा लेख का लिहीत नाहीस?

निवांत | ९ जुलै
माफीवरून: ईदला, म्हणजे लबारानला, जावातही तेच. 'मोहोन माआफ लाहिर दान बातिन'. मी मित्राबरोबर त्याच्या गावी एका सकाळी नऊ घरं केली. प्रत्येक घरी बरण्यांची रांग, प्रत्येक बरणीत अननसाच्या सारणाचं नास्तार, आणि प्रत्येक घरची नास्तार दुसरीपेक्षा चांगली हे सांगायची जबाबदारी पाहुण्यावर. संक्रांतीला तिळगूळ घेत फिरल्यासारखं, फक्त लोण्यातलं. लग्न झालं का, हे नऊ घरी विचारलं. 'नाही' म्हणायचं नसतं, 'बलुम' म्हणायचं, म्हणजे 'अजून नाही'. नाही म्हटलं की सगळे कळवळतात.

आणि सर्दी झाली तर बोलू नका. एसीच्या गाडीतून आलो आणि शिंकलो, तर मित्राची आई म्हणाली 'मासुक आंगिन', अंगात वारा शिरला. पालथा झोपवला, पाठीला कायुपुतिहचं तेल चोळलं आणि पाचशे रुपियाच्या नाण्याने मणक्यापासून बरगड्यांपर्यंत खरवडून काढलं. केरोकान. पाठीवर वाघासारखे लाल पट्टे. माझी बहीण व्हिडिओ कॉलवर किंचाळली. सर्दी गेली की नाही ते आठवत नाही, पुन्हा शिंकायची हिंमत झाली नाही एवढं खरं.

तिखटमीठ | ९ जुलै
भेटवस्तूचं कुणी सांगतं का, की सगळे आपापली पाठ दाखवणार?

सान्वी_ब | ९ जुलै
खाऊ न्या. ओलेह-ओलेह हा तिथे धर्मच आहे, गावाहून रिकाम्या हाताने कुणी येत नाही. जिलेटिन, दारू असलेलं काही नको. बाकरवडी, सुका मेवा, चहा मसाला. आणि येताना पिशवीत जागा ठेवा, तिप्पट परत मिळेल. देताना-घेताना उजवा हात.

जकार्ताकर | ९ जुलै
ताई, जमलं तर १७ ऑगस्ट धरून जा. त्यांचा स्वातंत्र्यदिन, १९४५ चा. गल्लीगल्लीत खेळ असतात.

रेवती_ठाणे | १० जुलै
तारखा बदलल्या! १५ ते १९ जोग्जा. नवऱ्याशी तह असा झाला: पहिली रात्र हॉटेल, मग घर. आल्यावर लिहीन.

पुणेरी_पाटी | २ सप्टेंबर
ताई आल्या असतील. की तिकडेच एर-तेकडे नोंद करून राहिल्या?

रेवती_ठाणे | ४ सप्टेंबर
आले, आले. कपडे धुऊन झाले, आता लिहिते.

तह पहिल्याच दिवशी मोडला. हॉटेलात सामान टाकून तोंड धुतेय, तर खालून फोन. लॉबीत मैत्रिणीची आई. वय ७१, हेल्मेट हातात, शेजारच्या मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आलेली. बोलली काहीच नाही. माझी बॅग उचलली आणि दाराकडे चालू लागली. हॉटेलचे एका रात्रीचे पैसे गेले. नवऱ्याने ते गुगल शीटमध्ये 'संगसारा' या रकान्यात लिहिलेत.

तिखटमीठ, तुमचं ऐकून मी आधीच विचारलं, आमची खोली कुणाची? इबूंचीच, म्हणजे तिच्या आईचीच होती. मी ऐकेना, त्याही ऐकेनात. शेवटी मैत्रीण म्हणाली, आई तुझ्यासाठी महिनाभर पडद्याचं कापड शोधत होती, तू बाहेर झोपलीस तर तो पडदा कुणी बघायचा? झोपले. पलंगावर एक लांब लोड, गुलिंग, मिठी मारून झोपायला. नवऱ्याला तो इतका आवडला की चार रात्री मला पाठ.

बाकरवडी काचेच्या बरण्यांत भरून बाहेर मांडली गेली आणि येणाऱ्या प्रत्येकाला चाखवली गेली. तिखट आहे की गोड, यावर गल्लीत दोन तट पडले.

नवऱ्याचं जेवण इबूंनी परीक्षेसारखं घेतलं. वेगळा पाटा, वेगळी कढई, तरासीची बरणी शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली. तरीही तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की भाजीतल्या रश्शाच्या वडीत कोंबडी होती. त्या रडकुंडीला आल्या. नवरा दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, चविष्ट होतं. तीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्या चुकीला असं कधी म्हटलेलं नाही.

गंमत झाली ती मैत्रिणीच्या वडिलांबरोबर. वायांगचे, म्हणजे छायानाट्याचे शौकीन. अर्जुन, भीम, घटोत्कच (ते गातोत्काचा म्हणतात) सगळ्यांवर बोलत होते. नवऱ्याच्या तोंडून द्रौपदीचे पाच पती निघून गेलं. पाक एकदम ताठ. त्यांच्याकडे द्रुपदी फक्त युधिष्ठिराची. आणि शिखंडी म्हणजे श्रीकांदी, ती अर्जुनाची बायको, धनुर्धर. रात्री साडेअकरापर्यंत दोघं मोडक्या इंग्रजीत भांडत होते. पाच वेळा नमाज पढणारे पाक आमच्या ह्यांना महाभारत नीट वाचा म्हणत होते.

१७ तारखेला गल्लीत खेळ. दोरीला टांगलेलं कुरकुरीत क्रुपुक हात न लावता खायचं, पोत्यात पाय घालून पळायचं. ह्यांना क्रुपुकमध्ये कोळंबी असेल म्हणून सोडलं आणि चमच्यात गोटी घेऊन पळायला लावलं. आपली लिंबू-चमचा शर्यत! डोंबिवलीच्या शाळेत शिकलेली विद्या. तिसरे आले. बक्षीस लाल गायुंग. एर-तेंनी माइकवरून 'पाक इंडिया' असं नाव पुकारून दिलं. ते ठाण्याच्या बाथरूममध्ये लागलंय, जुना मग फेकायला लावला त्यांनी.

परत येताना बाकपियाचे (मुगाच्या सारणाचा गोड खाऊ) पाच डबे, शेंगदाण्याचं कुरकुरीत पेयेक, बातिकचे दोन तागे. विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून माझी चादर काढून मैत्रिणीला दिली.

बोरघाट | ४ सप्टेंबर
हौदात मासा होता का?

रेवती_ठाणे | ४ सप्टेंबर
दोन. नवऱ्याने नावंही ठेवली.

जकार्ताकर | ५ सप्टेंबर
वा! तिला इकडे बोलावलंत की नाही?

रेवती_ठाणे | ५ सप्टेंबर
बोलावलं. तारीख विचारली, विमान विचारलं, काय खात नाही तेही विचारलं. जानेवारीत येतेय, इबूंना घेऊन. आमचं न्हाणीघरही एकच आहे.

सान्वी_ब | ५ सप्टेंबर
मस्तच! ताई, त्यांना घेऊन आमच्याकडेही या एकदा, नाशिकला.

रेवती_ठाणे | ५ सप्टेंबर
तारीख?